मिनीचा टायर गोल्डविंगला

१९५/५५ आर १६. बीएमडब्ल्यूने २००१ साली नवी मिनी बाजारात आणली आणि पाठोपाठ तिची कूपर एस आली, त्या कूपर एसच्या टायरचं हे माप. टायर रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारा. आपल्याकडे बलेनोच्या वरच्या मॉडेलला हेच माप येतं, तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्येही ते वाचायला मिळेल. मिनी आली त्याच सुमाराला होंडाची गोल्डविंग जीएल १८०० आली. सहा सिलिंडरची, साडेतीनशे किलोंहून जड, लांब पल्ल्याची मोटरसायकल. तिच्या मागच्या टायरचं माप १८०/६० आर १६.

पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. गोल्डविंगचा हिशेब करू. १८० चे ६० टक्के १०८, वरची-खालची मिळून २१६, त्यात सोळा इंचांचे ४०६.४ मिळवले की ६२२.४ मिलिमीटर. मिनीचा: १९५ चे ५५ टक्के १०७.२५, दुप्पट २१४.५, एकूण ६२०.९. फरक दीड मिलिमीटर! नवा टायर गुळगुळीत होईपर्यंत व्यास याच्या कितीतरी पट घटतो. स्पीडोमीटरला कळणारही नाही की मागे मोटारीचं चाक फिरतंय.

अमेरिकेतल्या गोल्डविंगवाल्यांनी हे हेरलं. मोटारीचा टायर मागे चढवणाऱ्यांना तिथे 'डार्कसायडर' म्हणतात, हे नाव 'स्टार वॉर्स'मधून उचललेलं. असं का करतात, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे पैसा. मोटारीचा टायर स्वस्त पडतो आणि दुप्पट-तिप्पट चालतो. खरं आहे, पण तेवढ्याने भागत नाही. टायरचे पैसे वाचावेत असं प्रत्येक मोटरसायकलवाल्याला वाटतं, तरी सतरा इंची चाकाच्या स्पोर्ट्स बाइकवर ही रीत रुजली नाही. ती रुजली गोल्डविंगवर आणि तिच्यासारख्या मोजक्या जड गाड्यांवर. मला या प्रथेचं कूळ वेगळं दिसतं. मिनीचं चाक मोटरसायकलला लागलं, ते इथे दुसऱ्यांदा.

पहिली वेळ १९६०च्या दशकातली. अलेक इसिगोनिसने १९५९ साली मूळ मिनी रस्त्यावर आणली ती दहा इंची चाकांवर. डनलॉपने त्यासाठी ५.२०-१० मापाचे टायर बनवले. मिनी शर्यतीत उतरली तशी या बुटक्या चाकासाठी शर्यतीचे टायरही आले. त्याच काळात साइडकारच्या शर्यती जोरात होत्या. जागतिक अजिंक्यपद १९४९ पासून सुरू होतं, पहिला विजेता इंग्लंडचा एरिक ऑलिव्हर, नॉर्टनवर. ऑलिव्हरनेच पुढे चालकाने गुडघ्यांवर बसायची बुटकी गाडी शर्यतीत आणली. साइडकार जोडलेली मोटरसायकल वळणावर झुकत नाही. झुकायचंच नसेल तर कमानीसारखा गोल टायर काय कामाचा? त्याची मधली चिंचोळी पट्टी तेवढी रस्त्याला लागते आणि घासून जाते. चाक हवं सपाट, रुंद आणि बुटकं, म्हणजे सगळ्या गाडीचं वजन खाली येतं. मिनीचं चाक नेमकं तसं होतं, आणि स्वस्तात मिळत होतं. साइडकारवाल्यांनी ते उचललं.

तिथून पुढची साखळी मी अशी जोडतो. शर्यतीतली ही शहाणीव रस्त्यावरच्या साइडकारवाल्यांकडे गेली. मागच्या चाकाला मोटारीचा टायर ही त्यांच्यात नित्याची गोष्ट झाली. गोल्डविंगला साइडकार जोडणारे अमेरिकेत पुष्कळ. मोटरसायकलच्या रिमवर मोटारीचा टायर बसतो आणि टिकतो, हे त्यांनी रोज वापरून दाखवलं. मग कुणीतरी साइडकार सोडवली आणि टायर तसाच ठेवला. हा शेवटचा दुवा माझा तर्क आहे, पण मला तो पक्का वाटतो. दोन चाकांवर झुकणाऱ्या गाडीला चौकोनी टायर लावण्याचं धाडस कोऱ्या पाटीवर सुचत नाही. आधी तीन चाकांवर त्याची सवय व्हावी लागते.

याला तोडीस तोड दुसरी उपपत्ती आहे ती सोळा इंचांची. फोर्डने १९३५ साली ६.००-१६ टायर वापरले, युद्धातल्या जीपलाही तेच माप होतं. हार्लेने १९४० साली ५.००-१६चे जाड टायर देऊ केले. म्हणजे सोळा इंची चाक मोटरसायकलकडे मोटारीच्या काळातच आलं, आणि डार्कसायडर फक्त जुनं नातं पुन्हा जोडतात, असा हा युक्तिवाद. आकर्षक आहे, पण गोल्डविंगपाशी अडखळतो. १९७५च्या पहिल्या गोल्डविंगचं मागचं चाक सतरा इंची होतं, जीएल १२००चं पंधरा इंची. १९८८च्या जीएल १५००ला सोळा इंच मिळाले. आणि तिचा टायर १६०/८०-१६, म्हणजे व्यास ६६२.४. मिनीचा टायर तिथे चार सेंटिमीटर बुटका पडतो. नुसता रिम जुळून भागत नाही, भिंत खाली यावी लागते.

भिंत बुटकी करण्याचं वेड मोटारीचं. पिरेलीने १९७०च्या दशकात वेगवान मोटारींसाठी पी ७ हा बुटका, रुंद रेडियल काढला, आणि पुढच्या दशकात मोटरसायकलसाठी रेडियल काढला तेव्हा त्याचं नाव ठेवलं एमपी ७. यातून मला जे दिसतं ते असं: मोटारीचा टायर मोटरसायकलवर चढला, त्याआधी मोटरसायकलचा टायर बरीच वर्षं मोटारीच्या मापाकडे सरकत होता. ८० टक्क्यांवरून ६० वर.

माझ्या मिनीच्या गोष्टीला धक्का देणारी एक गाडी आहे, होंडाची व्हाल्कीरी. जीएल १५००चं इंजिन घेऊन १९९०च्या दशकात आलेली, मागे १८०/७० आर १६. तिच्यावर २०५/६० आर १६ हा मोटारीचा टायर बसवतात आणि व्यासात सहा मिलिमीटर कमी पडले तरी चालवून घेतात. म्हणजे दीड मिलिमीटरचा योगायोग अत्यावश्यक नव्हता, हे मला मान्य करावं लागतं. पण ८० आणि ६०च्या मधली पायरी ७०, ती हीच गाडी. माप सरकत होतं या मुद्द्याला ती बळच देते.

प्रत्यक्ष चालवताना काय होतं, ते पेट्रोलपंपावर वळताना समजतं. गोल टायर झुकताना अलगद लोळतो. चौकोनी टायर आपल्या कडेवर येतो, जमिनीला टेकलेला भाग आतल्या बाजूला सरकतो आणि गाडीला उभं करायला बघतो. वळण संपेपर्यंत हँडल दाबून धरावं लागतं. हवा हा त्यावरचा उपाय. होंडाने मागच्या टायरला ४१ पीएसआय सांगितलेत, डार्कसायडर त्याहून बरीच कमी भरतात, म्हणजे भिंत वाकते आणि टायर जास्त रुंदीने टेकतो. फार कमी केली की गाडी डुलते.

टायर कंपन्यांचा याला ठाम विरोध आहे. त्यांचा एक मुद्दा मला निर्णायक वाटतो. मोटारीच्या आणि मोटरसायकलच्या रिमची, टायरची कड जिथे बसते ती जागा सारखी घडवलेली नसते. व्यास जुळला म्हणून कड जुळते असं नाही. डार्कसायडर उलट भाराकडे बोट दाखवतात: मूळ टायरचा निर्देशांक ७४ म्हणजे ३७५ किलो, मिनीच्या टायरचा ८७ म्हणजे ५४५. हा हिशेबही बरोबर आहे, पण तो सरळ उभ्या चाकाचा. सामान लादून, मागे जोडीदार बसवून हजारो किलोमीटर सरळ हायवे तुडवणाऱ्यांना तो का पटतो ते मला समजतं. घाटात रमणाऱ्याने मात्र या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०१८च्या नव्या गोल्डविंगला होंडाने २००/५५ आर १६ टायर दिला. मोटारीचं २०५/५५ आर १६ हे माप जगात सर्वाधिक खपणाऱ्यांपैकी एक. टक्केवारी आता दोन्हीकडे ५५ झाली आहे, व्यासातला फरक साडेपाच मिलिमीटर. डार्कसायडरांसाठी होंडाने हे केलेलं नाही. पण माप ज्या दिशेने सरकत होतं, त्याच दिशेने ते आणखी एक पाऊल गेलं.