व्हर्साय राजप्रासाद
फ्रान्समधील इतिहासप्रसिद्ध राजवाडा. पॅरिसच्या नैर्ऋत्येस तेराव्या लूईने १६२३ मध्ये बांधलेल्या शिकारगृहाचा चौदाव्या लूईने (कार. १६४३–१७१५) विस्तार केला व १६८२ मध्ये दरबार तेथे हलविला. येथील उद्याने पाहुण्यांना कोणत्या क्रमाने दाखवावीत, याचे टिपण त्याने स्वतः तयार केले होते. म्हणजे प्रेक्षणमार्गही राजवैभवाच्या प्रदर्शनाचे साधन होता. ऑक्टोबर १७८९ मध्ये क्षुब्ध जमावाने राजकुटुंबास पॅरिसला नेले. लूई फिलिपने १८३७ मध्ये येथे फ्रान्सच्या इतिहासाचे संग्रहालय उघडले. ३५७ आरशांच्या आरसेमहालात १८७१ मध्ये जर्मन साम्राज्याची घोषणा झाली आणि १९१९ मध्ये व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या. राजाच्या ज्या खाजगी दालनांत पूर्वी मोजक्या निकटवर्तियांनाच प्रवेश असे, ती आता मार्गदर्शकासमवेत सामान्य प्रेक्षकांनाही पाहता येतात.