स्क्रिप्टला थांबवायचं कसं? स्लीप, टाइमआऊट आणि पॉज

पावसाळ्यात आम्हा कोल्हापूरकरांचा एकच प्रश्न: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? ३९ फूट ही पंचगंगेची इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितल्यावर हे आकडे पाठच झालेत.

सारखं पेज रिफ्रेश करायचा कंटाळा आला म्हणून मी मोबाईलवर टर्मक्समध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली. पेज उघड, आकडा काढ, पुन्हा तेच. पण मध्ये थांबायला सांगायचंच विसरलो! स्क्रिप्ट सेकंदाला दोन-तीनदा पेज मागत राहिली आणि साइटने मला ब्लॉक केलं. तेही पाणी ३९ ला टेकलेलं असताना, रात्री. चूक माझीच. नदी काय सेकंदात फूटभर चढत नाही, दर १५ मिनिटांनी बघितलं तरी पुरतं.

उपाय एका ओळीचा: स्लीप ९००. आकडा सेकंदांचा, म्हणजे १५ मिनिटं. (कमांड इथे देवनागरीत दिल्यात, टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरा.) टर्मक्स आणि लिनक्सवर आकड्याला एम जोडला की मिनिटं, एच जोडला की तास. मध्ये स्पेस सोडली तर एरर येते. ही ओळ लूपच्या आत, डनच्या आधी टाका. डननंतर टाकली तर लूप आधीसारखाच सुसाट पळतो, कारण तिथपर्यंत तो पोचतच नाही.

विंडोजच्या बॅच फाईलमध्ये याच कामाला टाइमआऊट, स्लॅश टी आणि सेकंद. कुठलंही बटण दाबलं तर तो लगेच पुढे जातो. ते नको असेल तर स्लॅश नोब्रेक जोडा. पॉज वेगळा, तो वेळ मोजत नाही, तुम्ही बटण दाबेपर्यंत थांबतो. फाईली डिलीट करण्याआधी हाच बरा. आणि गंमत म्हणजे लिनक्सवरही टाइमआऊट आहे, पण तो थांबत नाही, दिलेली वेळ संपली की चालू कमांड बंद करतो!

मोबाईलवर अजून एक भानगड. स्क्रीन बंद झाली की अँड्रॉइड बॅटरी वाचवायला टर्मक्सलाही झोपवतं आणि १५ मिनिटांचा तास होतो. म्हणून स्क्रिप्टच्या आधी टर्मक्स-वेक-लॉक ही कमांड द्या, मध्ये डॅश आणि सगळं सलग. बॅटरी जास्त जाते, रात्री चार्जरला लावून ठेवा. स्क्रिप्ट बंद करायची असेल तर आवाज कमी करायचं बटण दाबून धरा आणि सी दाबा.