सिगारेटचा धूर आणि जुनाट सायनस: नाकाच्या आत काय घडतं?

साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत बरी होते. पण काहींचं नाक महिनोन्‌महिने चोंदलेलं राहतं. गालांत आणि कपाळात जडपणा वाटतो, घशात कफ उतरत राहतो, फोडणीचा वासही येईनासा होतो. औषधं घेतली की थोडे दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. अशा रुग्णाला नाक-कान-घशाचे डॉक्टर हमखास विचारतात, "सिगारेट-बिडी ओढता का? घरात कोणी ओढतं का?" हा प्रश्न इतका महत्त्वाचा का आहे, ते समजून घेऊया.

जुनाट सायनस म्हणजे काय?

नाकाच्या आजूबाजूच्या हाडांमध्ये हवेच्या पोकळ्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. गालांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या पार मागे अशा त्यांच्या चार जोड्या आहेत. बोलताना आपण आजारालाच 'सायनस' म्हणतो, पण आजाराचं खरं नाव सायनुसायटिस, म्हणजे या पोकळ्यांच्या अस्तराला आलेली सूज. लक्षणं १२ आठवडे किंवा त्याहून जास्त टिकली तर डॉक्टर त्याला जुनाट मानतात. काही रुग्णांच्या नाकात पॉलिपही होतात. 'नाकात मांस वाढलंय' असं लोक म्हणतात, ते हेच.

हा आजार होण्याची कारणं अनेक आहेत. ॲलर्जी, दमा, वरच्या दाढेतला संसर्ग यांचाही त्याच्याशी संबंध असतो आणि कधीही सिगारेट न ओढलेल्या माणसालाही तो होतो. तरीही धुराचा संबंध पुन्हा पुन्हा दिसून आला आहे. युरोपातल्या १२ देशांत ५७,००० हून अधिक लोकांचं एक सर्वेक्षण झालं. ते २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात साधारण ११ टक्के लोकांना या आजाराची लक्षणं होती आणि धूम्रपान करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं.

नाकाची रोजची झाडलोट

नाकाच्या आणि सायनसच्या अस्तरावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो. श्वासातली धूळ आणि जंतू त्यात अडकतात. या थराखाली डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात, त्यांना सिलिया म्हणतात. ते सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात आणि हा सगळा चिकटा घशाकडे ढकलत राहतात. आपण तो नकळत गिळून टाकतो.

गालातल्या सायनसची गोष्ट आणखी मजेशीर आहे. त्याचं तोंड तळाशी नसून वरच्या बाजूला असतं. त्यामुळे आतला द्रव आपोआप वाहून जात नाही, सिलियांना तो वर चढवावा लागतो. हे केस मंदावले की द्रव आतच साचतो.

धूर आला की काय बिघडतं?

सिगारेटच्या धुरात ७,००० हून अधिक रसायनं असतात. त्यांतली काही नाकाच्या अस्तरावर थेट मारा करतात.

* केस मंदावतात: ॲक्रोलीन आणि फॉर्माल्डिहाइडसारखी रसायनं सिलियांना घातक आहेत. हे तपासायची एक सोपी चाचणी आहे. नाकाच्या आत सॅकरिनचा बारीक कण ठेवतात आणि घशात गोड चव लागायला किती वेळ लागतो ते मोजतात. निरोगी माणसाला ती साधारणपणे २० मिनिटांच्या आत लागते. धूम्रपान करणाऱ्यांना जास्त वेळ लागतो.
* चिकटा वाढतो आणि घट्ट होतो: चिकटा तयार करणाऱ्या पेशी वाढतात. पेशींतून क्षार आणि पाणी बाहेर सोडण्याची व्यवस्थाही धुरामुळे बिघडते.
* सूज पेटती राहते: दुखावलेल्या पेशी रासायनिक संदेश सोडून रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात. या पेशी जंतूंशी लढताना आसपासच्या अस्तरालाही इजा करतात. अस्तराच्या पेशींमधले सांधेही सैल होतात.
* जंतूंना आसरा मिळतो: साचलेल्या चिकट्यात जिवाणू एकत्र येऊन थर धरतात. या थराला बायोफिल्म म्हणतात. त्यात लपलेल्या जिवाणूंपर्यंत अँटिबायोटिक नीट पोहोचत नाही.

सूज आली की सायनसचं अरुंद तोंड बंद होतं. मग द्रव साचतो, जंतू वाढतात आणि सूज आणखी वाढते. पुढची सिगारेट हे चक्र पुन्हा फिरवते.

"मी तर धूर तोंडाने ओढतो!"

ओढताना धूर तोंडातून जातो हे खरं. पण सोडताना तो बऱ्याचदा नाकातून बाहेर येतो. शिवाय जळत्या टोकातून निघणारा धूर खोलीत पसरतो आणि आपण तो नाकानेच आत घेतो.

शेजारी बसलेल्या माणसाचा विचार करा. तो सिगारेट ओढत नाही, पण त्याच्या वाट्याचा बहुतेक धूर नाकातूनच जातो. दुसऱ्याच्या धुराचा आणि जुनाट सायनसचाही संबंध अभ्यासांत दिसला आहे. भारतात २०१६-१७ मध्ये झालेल्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात ३८.७ टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याच्या धुराला सामोरं जावं लागत असल्याचं आढळलं. घरात कोणाला सायनसचा त्रास असेल, तर गॅलरीत जाऊन ओढणं पुरेसं नाही, कारण धूर दारा-खिडक्यांतून आत येतो.

फिल्टर, मिंट आणि बिडी

फिल्टर काही कण अडवतो, पण ॲक्रोलीनसारखे वायू बऱ्याच प्रमाणात त्यातून निसटतात. मिंटच्या सिगारेटने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, कारण मेंथॉल थंडाव्याची जाणीव देतं. प्रत्यक्षात सूज तेवढीच राहते. बिडी पानात गुंडाळलेली असली तरी तीही जळता तंबाखूच आहे.

उपचार चालू आणि सिगारेटही चालू?

जुनाट सायनसमध्ये मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे हे मुख्य उपचार. त्यांनी भागलं नाही तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करतात. धूम्रपान करणाऱ्यांनाही शस्त्रक्रियेनंतर आराम पडतो. मात्र शस्त्रक्रिया सायनसचं तोंड मोठं करते, सिलिया नव्याने बसवत नाही. ते काम शरीरालाच करावं लागतं आणि रोजचा धूर त्यात अडथळा आणतो. म्हणूनच शस्त्रक्रियेच्या आधी सिगारेट सोडा, असं डॉक्टर सांगतात.

दिलासा देणारी गोष्ट म्हणजे धूर थांबला की सिलियांचं काम हळूहळू सुधारू लागतं. सुरुवातीचे काही आठवडे काहींना खोकला किंवा कफ वाढल्यासारखा वाटतो. 'सोडली तर त्रास वाढला' असं समजून अनेक जण तिथेच माघार घेतात. तेवढा काळ नेटाने काढायला हवा.

सोडण्यासाठी मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर मोफत समुपदेशन मिळतं.

डॉक्टरकडे तातडीने कधी जावं?

डोळ्याभोवती सूज, दोन दोन दिसणं किंवा नजर कमी होणं, असह्य डोकेदुखी, तापासोबत मान आखडणं, यांपैकी काहीही झालं तर वाट पाहू नका. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्तमिश्रित स्राव येत असेल तरीही लवकर तपासून घ्या. आणि डॉक्टरांनी सिगारेटबद्दल विचारलं तर खरं सांगा. उपचार त्यावरच ठरतात.