समीकरणात न मावलेली मुलगी

विज्ञानकथेतलं विज्ञान फार लवकर शिळं होतं. शुक्रावरची दलदल गेली, मंगळावरचे कालवे गेले. तरी त्यातल्या काही कथा अजून का वाचल्या जातात, याचा विचार करताना मी दरवेळी एकाच कथेपाशी येऊन थांबतो: टॉम गॉडविन यांची ‘द कोल्ड इक्वेशन्स’. ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या अमेरिकी मासिकाच्या ऑगस्ट १९५४च्या अंकात ती प्रसिद्ध झाली.

तापाने आजारी पडलेल्या सहा जणांसाठी औषध घेऊन एक छोटं यान वोडन ग्रहाकडे निघालं आहे. इंधन अगदी मोजून भरलेलं. वैमानिक बार्टनला आत लपलेली अठरा वर्षांची मॅरिलिन सापडते. वोडनवर काम करणाऱ्या भावाला भेटायला ती निघालेली. सापडलो तर दंड भरू, एवढीच तिची कल्पना. पण तिच्या वजनामुळे यान उतरताना कोसळणार. नियम एकच: तिला बाहेर अवकाशात सोडायचं.

मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल. त्यांनीच वाचकांना एक सवय लावली होती: पेच पडतो, नायक डोकं चालवतो, सुटका होते. गॉडविननीही मुलीला वाचवलं होतं. लेखक जोसेफ ग्रीन यांनी नोंदवलेल्या आठवणीनुसार कॅम्पबेलनी कथा तीनदा परत पाठवली, कारण दरवेळी गॉडविन तिच्या सुटकेची नवी युक्ती काढत. म्हणजे हा गाजलेला शेवट लेखकाइतकाच, किंबहुना अधिक, संपादकाचा आहे.

मूळ कल्पनाही कोरी नव्हती. १९५२मध्ये ‘वीअर्ड सायन्स’ या चित्रकथांच्या मासिकात जवळपास हाच पेच येऊन गेला होता. पण ती चित्रकथा आज अभ्यासकांनाच ठाऊक. गॉडविन यांची कथा टिकली ती, माझ्या मते, त्या मधल्या तासाभरामुळे. बार्टन यानाचा वेग कमी करण्याचं लांबवून तिला थोडा वेळ मिळवून देतो. ती घरी पत्रं लिहिते. भावाशी रेडिओवर बोलणं होतं, पण ग्रह फिरतो आहे, भावाचा तळ क्षितिजाआड चालला आहे, आवाज क्षीण होत जातो. इथे भौतिकशास्त्र कुणाला काही शिकवायला आलेलं नाही. निरोप किती मिनिटांचा, एवढंच ते ठरवतं.

आक्षेप तेव्हापासून चालू आहेत. कपाटाचं दार, वैमानिकाची खुर्ची, असलं काही फेकून वजन कमी करता आलं नसतं का? इंधनाचा जरासाही जादा साठा न ठेवणारं यान कुठला शहाणा इंजिनिअर बांधेल? २०१४मध्ये कोरी डॉक्टरो यांनी ‘लोकस’ मासिकात लिहिताना मुद्दा आणखी पुढे नेला: ही परिस्थिती निसर्गाने घडवलेली नाही, लेखकाने रचलेली आहे, आणि निष्काळजीपणाला निसर्गनियमाचं नाव दिलं की जबाबदार माणसं सुटतात. मला हे पटतं. कथेतच पुरावा आहे. यानाच्या दारावर फक्त प्रवेशबंदीची पाटी होती. आत शिरलात तर मराल, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. दाराला साधं कुलूपही नव्हतं!

आणि तरीही १९६५पूर्वीच्या उत्तम कथा निवडण्यासाठी अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेने मतदान घेतलं, त्यातून १९७०मध्ये रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी संपादित केलेला जो जाडजूड संग्रह निघाला, त्यात ही कथा आहे. मत देणारे बहुतेक जण स्वतः कथा रचणारे होते. हे दार, ही खुर्ची त्यांना दिसली नसेल, असं मला वाटत नाही.