टाकी येझ्दीची, चासी जावाची

अब्बांची जावा दुरुस्तीला नेली, तेव्हा मिस्त्री हसले. म्हणाले, "टाकी येझ्दीची आहे, भाईजान. अस्सल जावा हवी तर बदलावी लागेल."

आता अस्सल कुणाला म्हणायचं? 1929 मध्ये फ्रान्टिशेक यानेचेक या चेक उद्योजकानं जर्मन वाँडरर कंपनीचा मोटारसायकलींचा धंदा घेतला. दोन्ही नावांची पहिली अक्षरं जुळवून गाडीचं नाव झालं. म्हणजे नावापासूनच जोडकाम! चेक लोक तिला 'यावा' म्हणतात. तिकडे 'या', इकडे 'जा'. मुंबईच्या इराणी कुटुंबानं 1961 मध्ये ती म्हैसूरच्या कारखान्यात बनवायला घेतली. 1973 पासून त्याच कारखान्यातून येझ्दी नावानं गाड्या निघू लागल्या. 1996 मध्ये कारखान्याला टाळं लागलं.

जावाची टाकी गंजली, तेव्हा अब्बांनी मिळाली ती येझ्दीची बसवली. पुढची कित्येक वर्षं त्याच टाकीवर मला बसवून ते बाजारात नेत. जुन्या बाजारात जावाची टाकी सापडली होती, चकचकीत, बाजूंना क्रोम असलेली. हातात घेतली आणि परत ठेवली.

मिस्त्रींना म्हटलं, टाकी राहू द्या. कार्बोरेटर मात्र बदलला. तो कुठल्या गाडीचा होता, हे त्यांनाही सांगता येईना.