मातृदुग्ध

(स्तन्य, अंगावरचे दूध). प्रसूतीनंतर मातेच्या स्तनग्रंथींत तयार होणारा बाळाचा नैसर्गिक आहार.

चीक : पहिल्या तीन-चार दिवसांचे घट्ट, पिवळसर दूध. त्यात स्रावी इम्युनोग्लोब्युलिन-ए, लॅक्टोफेरिन, पांढऱ्या पेशी व अ जीवनसत्त्व विपुल असते. चीक पिळून टाकून बाळाला मध चाटवण्याची चाल अपायकारक आहे.

पक्व दूध : 100 मिलि.मध्ये लॅक्टोज सुमारे 7 ग्रॅ., स्निग्धांश 3 ते 4 ग्रॅ., प्रथिने जेमतेम 1 ग्रॅ. आणि ऊर्जा 65 ते 70 किलोकॅलरी. गाईच्या दुधात प्रथिने तिप्पट, पण बहुतांशी केसीन; त्याचा पोटात घट्ट साका होतो. पाजण्याच्या शेवटी येणारे दूध अधिक स्निग्ध असते, म्हणून एक बाजू पुरती रिकामी झाल्यावरच दुसरीकडे घ्यावे.

पाणी : सुमारे 87 टक्के. ग्रंथांत हा घटक एका ओळीत उरकतात. वऱ्हाडात तो आधी सांगायला हवा. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर हे तालुके पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतात आणि तेथील भूजल क्षारयुक्त आहे. नवजाताच्या मूत्रपिंडांना जादा क्षार सहज बाहेर टाकता येत नाहीत. मातृदुग्धात सोडियम गाईच्या दुधाच्या सुमारे एक तृतीयांश असते. त्यामुळे पहिले सहा महिने, अगदी वैशाखातही, अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळाला वरचे पाणी लागत नाही. पाण्याने पोट भरले की दूध कमी प्यायले जाते, शिवाय जुलाबाचा धोका वाढतो.

ऑलिगोसॅकराइडे : लिटरमागे 5 ते 15 ग्रॅ.; प्रकार दीडशेहून अधिक. ही शर्करा बाळाला पचत नाही. तिच्यावर आतड्यातील बिफिडो जिवाणू पोसले जातात, आणि काही रोगजंतू आतड्याच्या अस्तराऐवजी तिलाच चिकटून शरीराबाहेर पडतात. मातृदुग्धाच्या रसायनातील हा सर्वांत कुतूहलाचा भाग होय.

मेंदू व दृष्टी : डीएचए हे स्निग्धाम्ल उपयुक्त. बुद्ध्यांकावरील परिणामाविषयी मतभेद आहेत.

संप्रेरके व वृद्धिघटक : आतड्याच्या अस्तराच्या वाढीस साहाय्य.

उणिवा : ड व के जीवनसत्त्वे अपुरी. लोह अल्प, परंतु चांगले शोषले जाते. बी-12 मातेच्या आहारानुसार घटते-वाढते. लॅक्टोज मात्र फारसे बदलत नाही.

दुग्धपेढी : आशियातील पहिली पेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू केली. दात्या मातांचे दूध 62.5° से. तापमानाला 30 मिनिटे तापवून गोठवतात व मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांना देतात. या तापात जिवंत पेशी व लायपेज नष्ट होतात, ऑलिगोसॅकराइडे टिकतात.