विदर्भातील राजकीय पक्ष व मतदान

महाराष्ट्राच्या पूर्व भागातील, मुख्यत्वे कापूस, धान व संत्री पिकविणाऱ्या ग्रामीण प्रदेशाचा निवडणूकविषयक इतिहास. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आलेल्या वऱ्हाडाचा कारभार १९०३ मध्ये मध्य प्रांतास जोडण्यात आला. नागपूर ही १९५६ पर्यंत त्या प्रांताची व पुढे मध्य प्रदेशाची राजधानी होती. राज्यपुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली. तथापि येथील आठ मराठी जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाले. नागपूर करारानुसार (१९५३) विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरास भरू लागले, पण राजधानीपद गेले ते गेलेच.

काँग्रेसची पाळेमुळे येथे खोल होती. असहकाराचा ठराव कायम करणारे १९२० चे अधिवेशन नागपुरास भरले आणि महात्मा गांधींचे वास्तव्य पुढे वर्धा व सेवाग्राम येथे होते. १९५७ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला धूळ चारली, तेव्हा द्विभाषिकातील तिचे बहुमत टिकण्यास गुजरातबरोबरच विदर्भ व मराठवाडा यांचा आधार मिळाला. मा. सां. कन्नमवार (१९६२–६३) व वसंतराव नाईक (१९६३–७५) हे वैदर्भीय नेते मुख्यमंत्री झाल्याने ही निष्ठा अधिकच दृढ झाली. १९७७ च्या जनता लाटेतही नागपूरची जागा काँग्रेसनेच जिंकली. १९७८ मध्ये इंदिरा काँग्रेसला विधानसभेत ६२ जागा मिळाल्या. त्यांत विदर्भाचा वाटा मोठा होता व या पक्षाचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले.

वेगळ्या राज्याच्या मागणीला मतपेटीत यश लाभले ते प्रामुख्याने नागपूर शहरात. १९६२ मध्ये लोकनायक बापूजी अणे अपक्ष म्हणून, तर १९७१ मध्ये जांबुवंतराव धोटे फॉरवर्ड ब्लॉकतर्फे तेथून लोकसभेवर निवडून आले. तेच धोटे १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसच्या तिकिटावर विजयी झाले, ही गोष्ट बोलकी आहे. राजधानी गमावल्याचे शल्य शहराचे होते. खेड्यातील शेतकऱ्याचा प्रश्न ओलिताचा व कापसाच्या भावाचा होता. या दोहोंना एकत्र बांधणारा टिकाऊ पक्ष विदर्भात उभा राहिला नाही.

दलितांचे मतदान हा येथील राजकारणाचा स्वतंत्र प्रवाह होय. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. त्या द्विसदस्य मतदारसंघातील सर्वसाधारण जागा अशोक मेहता यांनी जिंकली, राखीव जागा काँग्रेसकडे गेली. नागपूरच्या धर्मांतरानंतर (१९५६) रिपब्लिकन पक्षाची स्थापनाही १९५७ मध्ये याच शहरात झाली. परंतु गटबाजीने त्याची मते विखुरली. १९९८ मध्ये हे गट एकत्र येऊन काँग्रेसशी समझोता झाला, तेव्हा पक्षाचे जे चार उमेदवार लोकसभेत गेले, त्यांपैकी तिघे विदर्भातील होते : प्रकाश आंबेडकर (अकोला), रा. सू. गवई (अमरावती) व जोगेंद्र कवाडे (चिमूर). एकजुटीने काय साधते हे यावरून दिसले. ती एकजूट मात्र फार काळ टिकली नाही.

राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना १९२५ मध्ये नागपुरात झाली असली, तरी जनसंघाला व पुढे भारतीय जनता पक्षाला या शहराची लोकसभेची जागा दीर्घकाळ मिळाली नाही. ती प्रथम १९९६ मध्ये मिळाली, तीही पूर्वी दोनदा काँग्रेसचे खासदार असलेल्या बनवारीलाल पुरोहित यांच्या रूपाने. १९९८ ते २००९ या काळातील चार निवडणुका काँग्रेसच्या विलास मुत्तेमवार यांनी जिंकल्या. मधल्या काळात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ग्रामीण भाग हादरला आणि २००६ मध्ये केंद्राला विशेष मदत जाहीर करावी लागली. जुन्या निष्ठेला ओहोटी लागली, ती इतर मागासवर्गीयांत भाजपने बांधलेल्या संघटनेमुळेही. २०१४ मध्ये नितीन गडकरी नागपुरातून निवडून आले, विधानसभेच्या ६२ पैकी ४४ जागा भाजपला मिळाल्या व नागपूरचे देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले. स्वतंत्र विदर्भाचा ठराव या पक्षाने १९९७ मध्ये भुवनेश्वर येथे केला होता. केंद्रात व राज्यात सत्ता आल्यावर त्यासाठी विधेयक मात्र मांडले गेले नाही.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कापूस व धानाच्या पट्ट्याने पुन्हा कूस बदलली : विदर्भाच्या १० पैकी ७ जागा काँग्रेस व तिच्या मित्रपक्षांकडे गेल्या. नागपूर गडकरींकडेच राहिले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील विधानसभा निवडणुकीत याच मतदारांनी भाजप आघाडीला मोठे बहुमत दिले.